तेरा स्वच्छ गुरुवार

अबेनक्रोम पोलीस ठाणे
शुक्रवार, दि. १४ मार्च २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे

नाव: अराबा यांक्सन. वय: २७ वर्षे. व्यवसाय: उपकरण तंत्रज्ञ, अन्क्वा नदी पाणी-नोंद प्रकल्प. राहणार: जिल्ह्याच्या गावी, बसथांब्यासमोरील औषध दुकानाच्या वरची खोली. वैवाहिक स्थिती: प्रकरणाशी संबंध नाही, म्हणून सांगितली नाही.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आज आपण होऊन ठाण्यात आले असून, काल याच टेबलावर मी दिलेल्या फिर्यादीच्या विरुद्ध समक्ष सांगते ते असे.

काल दुपारी २ वाजून २० मिनिटांनी मी फिर्याद दिली, की अज्ञात व्यक्तीने प्रकल्पाचे अत्यंत मौल्यवान यंत्र नदीतून द्वेषबुद्धीने चोरून नेले. त्या फिर्यादीवरून काल सायंकाळी अफ्राकोमा, वय अंदाजे ७१, यांना त्यांच्या घरातून ताब्यात घेण्यात आले. सगळे गाव त्यांना एनो, म्हणजे आजी म्हणते. मीही तेच म्हणते. त्या सध्या कोठडीत असून सोमवारी त्यांना कोर्टापुढे नेणार आहेत. त्यांना त्याआधी घरी जाता यावे यासाठी हा जबाब आहे.

यंत्राबद्दल. ते मी स्वतः बनवले. प्लंबिंगच्या हातभर नळीत एक दिवा आणि एक डोळा काटकोनात बसवला आहे. दिव्याचा प्रकाश पाण्यातल्या मातीच्या कणांवर आपटून बाजूला फुटतो आणि तो फुटलेला प्रकाश डोळा मोजतो. माती जास्त, आकडा जास्त. पिण्याच्या पाण्याचा आकडा पाचच्या आत हवा. अन्क्वाचा आठशे ते साडेनऊशे असतो, कारण वरच्या अंगाला सोन्यासाठी माती धुणारी यंत्रे चालतात. माझे यंत्र दर दहा मिनिटांनी हा आकडा, पाण्याचे तापमान आणि बॅटरीची स्थिती फोनच्या सिमवरून पाठवते. झाकणावर तळहाताएवढी सौर पट्टी आहे. एकूण साहित्य तीनशे दहा सेडीचे. विकतचे असे यंत्र घ्यायचे तर याच्या चाळीसपट पैसे पडतात. मग फिर्यादीत 'अत्यंत मौल्यवान' का लिहिले, असे हा जबाब लिहून घेणारे कॉर्पोरल अटिया यांनी विचारले. उत्तर: यंत्र मी बनवले होते म्हणून.

सोमवार, ९ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी ते नदी ओलांडायच्या जुन्या उताराजवळच्या खांबाला अडकवले. सर्वांत जवळचे घर एनो अफ्राकोमा यांचे. पूल होईपर्यंत तीस वर्षे त्या तिथे नाव चालवत होत्या, आणि नदीचे जे काही करायचे असते ते त्यांच्याच घराण्याकडे आहे. मी काम करत असताना त्या पालथ्या नावेवर बसून कसावाचे कंद सोलत होत्या. यंत्रावर लक्ष ठेवाल का, असे मी त्यांना विचारले आणि तीन सूचना दिल्या. यंत्र कधीही कोरडे पडता कामा नये, कारण काचेवर थर धरतो. काच पुसायची वेळ आलीच तर मऊ कापडाने पुसावी. लहान मुलांना हात लावू देऊ नये. त्यांनी तिन्ही सूचना मला परत म्हणून दाखवल्या. हे मला थोडे गमतीचे वाटले होते. त्यापुढे आमच्यात जे बोलणे झाले ते मी आज सकाळपर्यंत विसरले होते. ते योग्य जागी सांगेन.

गुरुवार हा अन्क्वाचा विसाव्याचा वार. बुधवारी सूर्य मावळल्यापासून शुक्रवारी उजाडेपर्यंत कोणी पाण्यात उतरत नाही, पाणी भरत नाही. नावा काठावर ओढून पालथ्या घालतात. जुनी माणसे त्या दिवशी नदीकडे पाहतही नाहीत. हे मला कोणी शिकवावे लागले नाही, माझ्या आईच्या गावी समुद्राला मंगळवार असतो. म्हणून मीही गुरुवारी कधी नदीवर गेले नाही. मी हे आदराने केले. आता लक्षात येते की सगळ्यांनीच ते आदराने केले, त्यामुळे गुरुवारची नदी पाहिलेला माणूस अबेनक्रोममध्ये मिळणे कठीण होते. यंत्र पाहत आहे, असा माझा समज होता.

पहिल्याच आठवड्यात मला एक शोध लागला. बुधवारी सायंकाळी सहाच्या सुमारास आकडा नऊशेवरून चारवर आला. गुरुवारी दिवसभर चार. शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा आठशे सत्तर. पुढच्या आठवड्यात तसेच, त्याच्या पुढच्यातही. कालच्या आधी एकूण तेरा गुरुवार. मी असा निष्कर्ष काढला की माती धुणारे लोकही नदीचा वार पाळतात आणि एका दिवसाच्या विसाव्यात नदी पिण्याजोगी होते. यावर मी फेब्रुवारीअखेर बावीस पानांचा अहवाल लिहिला. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. ती वाचताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

नऊशेवरून चारवर यायला नदीला दहा मिनिटे लागत होती. ग्लासात घोळलेली माती दहा मिनिटांत खाली बसत नाही, हे कोणाही लहान मुलाला माहीत असते. माझ्याकडे पदविका आहे. मी ते माती धुणाऱ्यांच्या शिस्तीचे लक्षण मानले.

गुरुवारी पाण्याचे तापमान दुपारी चार अंशांनी चढत होते आणि रात्री उतरत होते, जसे बंद खोलीत होते. पान सहावर मी लिहिले आहे की पाणी नितळ झाल्यामुळे ऊन खोलवर पोचते. हे वाक्य अनेकांना आवडले. गुरुवारी बॅटरी अजिबात भरत नव्हती. पान नऊवर मी लिहिले आहे की हरमॅटन वाऱ्याच्या धुळीमुळे त्या दिवशी ऊन नव्हते. म्हणजे माझ्या अहवालाप्रमाणे गुरुवारी अन्क्वावर ऊन खोलवर पोचत होते आणि ऊन नव्हते. हरमॅटनची धूळ दर आठवड्याला फक्त गुरुवारी येत होती, आणि तीही फक्त जुन्या उताराजवळ. सहावे आणि नववे पान दोन्ही वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यात मीही आले.

पान चौदावर तळटीप आहे, की स्थानिक गणनेनुसार वार आदल्या सूर्यास्तापासून सुरू होतो आणि यंत्राच्या नोंदी त्याला दुजोरा देतात. या तळटिपेसाठी माझे वेगळे कौतुक झाले. पान सतरावर मी काचेला दिलेल्या लेपाबद्दल लिहिले आहे. नदीतल्या काचेवर आठवड्याभरात शेवाळ धरते. माझ्या यंत्राची काच मी दर पंधरवड्याला शुक्रवारी पाहत असे आणि ती लख्ख असे. याचे श्रेय मी लेपाला दिले. लेप माझा होता.

हा अहवाल जिल्हा सभेचे नियोजन अधिकारी मिस्टर अग्येकुम यांना फार पटला. त्यावरून दर गुरुवारी नदीतून पाणी उपसून दवाखान्याची टाकी भरायची असे ठरले, कारण त्या दिवशी ते गाळण्याचीही गरज नव्हती, क्लोरीन पुरे होते. सोमवार, ३ मार्च रोजी गावात सभा झाली. मी आलेख दाखवला. विरोध फक्त एनो अफ्राकोमा यांनी केला. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "गुरुवारी ती झोपलेली असते. झोपलेल्या बाईच्या उशाखालून काय काढून नेता?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, एनो, तिला उठवू नका, हळूच काढतील. लोक हसले. मी हसले नाही, पण त्यांना समजावले की हा आलेख म्हणजे त्यांच्याच रिवाजाचा विजय आहे. त्यांनी आलेखाकडे न पाहता माझ्याकडे पाहिले आणि त्या खाली बसल्या. यंत्राबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मला सगळे माहीतच आहे असे त्या धरून चालल्या होत्या, हे मला आज कळले.

काल, गुरुवार, १३ मार्च रोजी सकाळी नऊ वाजता पंप घेऊन मिस्टर अग्येकुम, दोन कामगार, एक छायाचित्रकार आणि मी पुलावर पोचलो. नदीच्या वारी नदीवर जाण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी पुलावरच थांबले, पाण्याजवळ गेले नाही. मला वाटते, एवढ्याने आपण वार पाळला अशी मी स्वतःची समजूत घातली होती. नदी कोकोच्या रंगाची होती. वरच्या अंगाने यंत्रांचा आवाज स्पष्ट येत होता. मिस्टर अग्येकुम यांच्या फोनवर त्या क्षणाची नोंद उघडी होती. त्यांनी फोन पाहिला, मग नदी पाहिली, मग मला विचारले, "मॅडम, यातलं चार कुठं आहे?"

मी खांबाकडे पाहिले. यंत्र जागेवर नव्हते.

मला बरे वाटले, हे नोंदवून घ्यावे अशी माझी विनंती आहे. यंत्र कोणीतरी चोरले याचा अर्थ मी चुकलेले नाही, असा होत होता. पाच तासांनी मी फिर्याद दिली. चोरलेले यंत्र अजूनही चारचा आकडा पाठवत आहे आणि तो आकडा गेल्या तेरा गुरुवारांसारखाच आहे, या गोष्टीवर मी त्या पाच तासांत विचार केला नाही. संशय कोणावर, असे विचारले गेले. मी म्हणाले, संशय कोणावर नाही, पण पंपाला विरोध एकाच व्यक्तीने केला होता. मी हे माहिती म्हणून सांगितले. लिहिताना माहिती आणि संशय यांत फरक राहिला नाही. तो राहायला हवा होता, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. नाव मीच घेतले होते.

पोलिसांना यंत्र एनोंच्या घरात, आतल्या खोलीत, पाणी भरलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, वर कापड झाकलेले असे मिळाले. त्यांना गाडीतून आणताना पूल ओलांडावा लागला. पुलावर त्यांनी डोक्याचे कापड डोळ्यांवर ओढून घेतले. पोलिसांच्या नोंदीत 'आरोपीने तोंड लपवले' असे आहे. गुरुवार होता.

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या खोलीत संगणक उघडून बसले होते. या वेळेला आकडा नेहमी आठशेवर जातो. आज चारच राहिला. साडेसहालाही चार. तेरा आठवड्यांत पहिल्यांदाच शुक्रवार उजाडला नाही. मी विचार केला, की आजच्या शुक्रवारात वेगळे काय आहे. वेगळे एवढेच होते की एनो अफ्राकोमा घरी नव्हत्या. मग मी तेरा आठवड्यांचे तापमान आणि बॅटरीच्या नोंदी पुन्हा काढल्या. पुन्हा म्हणते, पण खरे तर पहिल्यांदाच. सात वाजून पाच मिनिटांनी मला कळले की मी तेरा गुरुवार नदी मोजलेली नाही. पातेले मोजले आहे.

पावणेनऊला मी ठाण्यात आले. यंत्र याच टेबलावर पातेल्यासकट ठेवलेले होते. पंचनाम्यात फक्त यंत्र आहे, मग पातेले आणि पाणी का आणले, असे मी विचारले. कॉन्स्टेबल म्हणाले, म्हातारी ऐकेना, कोरडं पडू देऊ नका म्हणून सारखी सांगत होती, काल दोनदा पाणी वाढवलं. यंत्राने हे इमानाने नोंदवले आहे. माझ्या संगणकाप्रमाणे काल सायंकाळपासून अन्क्वा नदी या पोलीस ठाण्यात असून ती पिण्याजोगी आहे.

मला एनोंशी कोठडीच्या गजांतून पाच मिनिटे बोलू दिले. त्यांनी माझ्यासाठी बाकाच्या कडेला जागा करावी तसे थोडे सरकून घेतले, मी बाहेर उभी असतानाही. त्या आधी बोलल्या. "पोरी, आज शुक्रवार ना? त्याला पाण्यात सोडलंस का?"

मी नाही म्हणाले.

"मग सोड. दिवस वर आलाय. त्याचं काम राहतंय."

मी विचारले की तुम्ही ते दर बुधवारी काढत होता का. त्या म्हणाल्या, "तूच नाही का म्हणालीस?" आणि ९ डिसेंबरचे उरलेले बोलणे त्यांनी मला सांगितले. ते ऐकताना मला आठवले, म्हणून ते खरे आहे असे मी शपथेवर सांगते. कसावा सोलता सोलता त्यांनी विचारले होते, गुरुवारी नावा वर घेतो, मग यालाही वर घ्यायचे का, हाही दमत असेल. माझ्या तोंडात त्या वेळी दोन स्क्रू होते. ही त्यांची प्रेमळ चेष्टा आहे असे मला वाटले. मी म्हणाले, "हो, हो, एनो." मग त्यांनी विचारले, पण तू म्हणतेस कोरडा पडता कामा नये, मग घरी पाण्यात ठेवू का. मी पुन्हा हो म्हणाले. तेव्हा एक स्क्रू उरला होता.

त्याप्रमाणे त्यांनी तेरा आठवडे केले. बुधवारी दिवस मावळायच्या आत काढत, पावसाचे साठवलेले पाणी पातेल्यात भरून त्यात ठेवत, शेवाळ मऊ कापडाने पुसत, वर कापड झाकत, आणि शुक्रवारी उजाडताच परत अडकवत. नातवंडांना हात लावू दिला नाही. माझ्या सूचना इतक्या काटेकोरपणे मी स्वतःही पाळलेल्या नाहीत. काच लख्ख राहण्याचे पान सतरावरील कारण यावरून दुरुस्त करावे.

गुरुवारी माती धुणारे थांबतात का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "ते कसले थांबतात? त्या दिवशी नदीकडे बघत नाही आम्ही. पण कान झाकता येतात का?" हे मला आधी का सांगितले नाही, हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांना ते आधी विचारलेच गेले नव्हते.

साडेदहाच्या सुमारास ठाण्याबाहेर मिस्टर अग्येकुम भेटले. मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "मिस यांक्सन, कालच्या एका गुरुवारचंच सांगा ना. म्हातारीनं पंपाच्या रागात काल काढलं, बस. मागचे तेरा तसेच राहू द्या. तुमचंही नाव राहील, माझंही राहील." ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी टाकीच्या उद्घाटनाची पत्रिका छापून घेतली आहे. हा मार्ग मला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, त्यांच्या आधी, सुचलेला होता. तो मी साधारण सात वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत धरून ठेवला होता. मग मला दवाखान्याची टाकी आठवली. तिच्यातले पाणी बाळंतिणींच्या खोलीत जाते. मी त्यांना म्हणाले की तेरा गुरुवारांचे तापमान माझ्याकडे आहे आणि ते पातेल्याचे आहे.

तरी माझ्या कालच्या फिर्यादीतील 'अज्ञात', 'चोरी', 'द्वेषबुद्धीने' आणि 'अत्यंत मौल्यवान' हे शब्द चुकीचे आहेत. यंत्र माझ्या परवानगीने, माझ्या सूचनेप्रमाणे आणि माझ्यापेक्षा चांगल्या रीतीने हाताळले गेले. तारीख आणि माझे नाव बरोबर आहे. एनो अफ्राकोमा यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. अहवाल मागे घेत असल्याचे पत्र मी जिल्हा सभेला आज सकाळीच पाठवले आहे.

प्रश्न: यापुढे गुरुवारी यंत्र नदीतून काढले जाईल काय?
उत्तर: होय.
प्रश्न: कोण काढेल?
उत्तर: एनो अफ्राकोमा, त्यांची इच्छा असल्यास. मी विचारणार आहे.
प्रश्न: मग गुरुवारचा आकडा कोणता लिहाल?
उत्तर: कोणताच नाही. गुरुवारची जागा रिकामी राहील. त्या वारी नदी कशी असते हे मी एकदाच, पुलावरून, डोळ्यांनी पाहिले आहे. ती गढूळ होती.

पुरवणी, दुपारी १ वाजून ५५ मिनिटे. इन्स्पेक्टर साहेब जेवून येईपर्यंत मला थांबण्यास सांगितले होते, म्हणून पुढचे लिहून घ्यावे. १२ वाजून ५० मिनिटांनी एनो अफ्राकोमा यांना सोडण्यात आले. मी गाडीने पोचवते म्हणाले. त्या म्हणाल्या, गाडीत पाणी सांडेल. त्यांनी डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, यंत्रासकट पातेले तिच्यावर घेतले आणि चालत निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "बुधवारी ये. तोंडात काही न घेता ये." मी येईन म्हणाले. एक वाजून वीस, तीस आणि चाळीस मिनिटांच्या नोंदी चार आहेत. एक वाजून पन्नास मिनिटांची नोंद नऊशे सहा. पाणी अतिशय गढूळ आहे. याचा अर्थ त्या घरी पोचल्या.

कॉर्पोरल अटिया यांनी हे सर्व मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवले. एका ठिकाणी नऊशे सहाचे नऊशे झाले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. बाकी जसे बोलले तसे उतरले आहे, आणि या वेळी ते बरोबर आहे.

सही: अराबा यांक्सन
माझ्यासमक्ष: कॉर्पोरल अटिया